संगमरवर नको, नावे हवीत : दफनभूमी समितीचे आवाहन

प्रभू येशूत प्रिय बंधुभगिनींनो,

आपल्या दफनभूमीच्या मागच्या रांगांतून एकदा चालून पाहा. क्रूस उभा आहे, पण नाव झिजून गेले आहे, अशा कबरी तिथे बऱ्याच दिसतील. कुणाचे कुटुंब दूर गेले, कुणाच्या मागे कुणी उरलेच नाही. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, शेजारच्या कबरी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरतात, या मात्र तशाच राहतात. यंदा कामाची सुरुवात त्यांच्यापासून करायची, असे समितीने ठरवले आहे.

मृतांसाठी वर्गणी काढणे ही काही आमची कल्पना नव्हे. बायबलमधल्या मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा बारावा अध्याय उघडा. लढाईत पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडतात, म्हणजे ते पापात मेले. त्यांचा सेनापती यहूदा मक्काबी त्यांना वाऱ्यावर सोडत नाही. तो आपल्या माणसांकडून वर्गणी गोळा करतो आणि चांदीचे सुमारे २००० द्राख्मे पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवतो. आमची गरज त्या मानाने फारच लहान आहे.

कबरींवर नवे दगड बसवा, असे काहींनी सुचवले. आम्हाला ते पटले नाही. संत ऑगस्टीनची आई मोनिका ३८७ साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरात मरणाच्या दारी होती, तेव्हा तिने मुलांना सांगितले की शरीर कुठेही ठेवा, त्याची चिंता करू नका; फक्त जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. (गंमत म्हणजे तिच्याच कबरीवरच्या लेखाचा तुकडा १९४५ साली ओस्तियात सापडला!) म्हणून दगडाआधी वही. एक स्मरणवही तयार होत आहे आणि नोव्हेंबरभर ती वेदीजवळ राहील.

त्यासाठी सर्वात आधी नावे हवी आहेत. घरातल्या मृतांची तर द्याच, पण ज्येष्ठांनी एकदा आमच्याबरोबर येऊन 'ही कबर अमक्याची' एवढे सांगितले तरी मोठे काम होईल. अक्षर चांगले असलेल्यांनी जुन्या नोंदवहीतून नावे उतरवून द्यावीत. नाव लिहिण्याचे पैसे नाहीत.

देणगी लागेल ती साफसफाई, वही आणि मेणबत्त्यांसाठी, आणि ज्यांचे कुणी नाही त्यांच्या नावे मिस्सा (धर्मगुरू वेदीवर अर्पण करतात तो ख्रिस्तयाग) अर्पण करण्यासाठी. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण दरवर्षी गैरसमज होतो. मिस्सा विकत मिळत नाही. स्वतंत्र मिस्सासाठी दिलेल्या प्रत्येक देणगीमागे एक वेगळी मिस्सा झालीच पाहिजे, असा धर्मसभेचा कायदा आहे, तेव्हा तिची नोंद कार्यालयात वेगळी करा. अनेकांच्या हेतूंसाठी मिळून होणाऱ्या मिस्सा १९९१च्या रोमच्या आदेशानुसार आठवड्यातून दोनदाच होऊ शकत होत्या; २०२५ साली त्याच्या जागी नवा आदेश आला, पण देणाऱ्यांना तशी कल्पना आधीच देऊन त्यांची संमती घ्यावी लागते. ज्याची ऐपत नाही त्याने संकोच करू नये. देणगीशिवायही मिस्सा अर्पण करावी, असे धर्मसभेचा तोच कायदा धर्मगुरूंना आग्रहाने सांगतो.

२ नोव्हेंबरला धर्मगुरूंना तीन मिस्सा अर्पण करता येतात. महायुद्ध चालू असताना, १९१५ साली, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी ही मुभा सर्व धर्मगुरूंना दिली. त्यांतली एक सर्व मृत भाविकांसाठी असते, म्हणजे आपल्या निनावी कबरींचीही. तिला या.

१ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, मनातल्या मनात केली तरी, शुद्धिस्थानातल्या (स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेल्या) आत्म्यासाठी पूर्ण दंडमाफी, म्हणजे पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सुटका, मिळवता येते. पापाची ओढ सोडून पापनिवेदन, ख्रिस्तशरीर स्वीकारणे आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना या अटी नेहमीच्याच.

सफाई ऑक्टोबरच्या शेवटच्या दोन रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर आहे. हातमोजे, मऊ ब्रश आणि बादली आणा. तारेचा ब्रश आणि ॲसिड कृपया घरीच ठेवा, नाहीतर उरलीसुरली अक्षरेही जातील.

आपली,
दफनभूमी समिती