पाया खणण्याआधी एक पावसाळा मोजा

प्रति,
माननीय मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मुंबईतील विद्यापीठ व महाविद्यालय संकुलांमधल्या नव्या बांधकामांचे पर्यावरण आघात मूल्यांकन

महोदया,
सप्रेम नमस्कार.

मी मिठी नदीपासून चालत दहा मिनिटांवर राहते. एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत ३१ वर्षे सहाय्यक होते, आता निवृत्त आहे. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून एक शैक्षणिक संकुल आहे. त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. भांडण त्या एका संस्थेशी नाही, आणि तिथे जे झाले ते मुंबईत कुठेही होऊ शकते. त्याच संकुलात आणखी तीन इमारती येणार असे कानावर आले आहे, म्हणून हे पत्र.

वसतिगृह नको म्हणणाऱ्यांतली मी नव्हे, हे आधीच सांगते. माझी भाची लातूरहून एम. एस्सी.ला आली तेव्हा वसतिगृहाच्या यादीत तिचा नंबर लागला नाही. दोन वर्षे ती आमच्या वन रूम किचनमध्ये राहिली. रात्री सगळ्यांची जेवणे आटोपली, की ओटा पुसून त्यावर वह्या मांडायची आणि उभ्यानेच अभ्यास करायची. राहायची सोय झाली नाही की गावाकडचे लोक मुलीला आधी परत बोलावतात, हे मी नोकरीत असताना कितीदा तरी पाहिले आहे. वसतिगृहे हवीत, प्रयोगशाळाही हव्यात. प्रश्न आहे तो बांधण्याआधी जमिनीला काय विचारले याचा.

आमच्या मागे पूर्वी मैदान होते. एका कडेला खोलगट, कडेने दोन शिरीष आणि एक जुना पिंपळ. जुलैत तिथे गुडघाभर पाणी साचायचे, रात्रभर बेडूक ओरडायचे, आणि उघडीप मिळाली की दोन-तीन दिवसांत पाणी मुरून जायचे. २०१५च्या सुमारास तिथे पहिले वसतिगृह झाले. भरणी टाकून जागा आमच्या अंगणापेक्षा जवळजवळ तीन फूट उंच केली आणि वर पेव्हर ब्लॉक बसवले. पुढच्याच पावसाळ्यात पाणी कंपाउंडच्या भिंतीखालून आमच्याकडे आले आणि मीटर रूममध्ये शिरले.

आमच्या ए विंगच्या जिन्याखाली एक भिंत आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या रात्री पाणी कुठवर आले होते याची लाल ऑइलपेंटची रेघ आमच्या तेव्हाच्या सेक्रेटरींनी तिथे ओढली. ती माझ्या खांद्याला लागते. त्यानंतर दहा वर्षे त्या भिंतीवर एकही रेघ नाही. वसतिगृह झाल्यापासून पाच आहेत. त्यातली २९ ऑगस्ट २०१७ची मी हिशेबात धरत नाही, कारण त्या दिवशी अख्खी मुंबईच तुंबली होती. पण बाकीच्या चार रेघा अशा दिवसांच्या आहेत, की त्या दिवशी लोकल वेळेवर धावत होत्या.

याचे कारण समजायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून आखल्या होत्या, आणि त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे गृहीत होते. म्हणजे शहरातली मोकळी जमीन हा त्या गटारव्यवस्थेचाच अर्धा भाग होता, फक्त तो नकाशावर दाखवलेला नव्हता. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने २६ जुलैला एकेका एकरावर ३८ लाख लिटर पडले, दहा हजार लिटरचे ३८२ टँकर. रोजच्या मोठ्या पावसातही, एकदा १०० मिलिमीटर झाला की एकराला चार लाख लिटर होतात. ते मुरले नाही तर उताराला लागते, आणि उताराला आम्ही राहतो.

मुंबईत मोकळ्या जमिनीचे मोठे तुकडे आता कुणाकडे उरले आहेत ते बघा. आरे, विमानतळ, रेल्वे, संरक्षण खाते आणि शिक्षणसंस्था. कालिन्याचे विद्यानगरी संकुल दोनशे एकरांच्या वर आहे. आयआयटीचे संकुल पवई आणि विहार या तलावांच्या मध्ये आहे, आणि मिठी उगम पावते ती याच दोन तलावांच्या ओसंडून वाहणाऱ्या पाण्यातून. या जागा शिक्षणाच्या आहेत तशाच पावसाच्याही आहेत.

आता कायद्याकडे येते. केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. ती देण्याआधी बांधकामाचा परिसरावर काय परिणाम होईल ते तपासतात, तेच आघात मूल्यांकन. डिसेंबर २०१४मध्ये केंद्राने शाळा, महाविद्यालये आणि त्यांच्या वसतिगृहांना दीड लाख चौरस मीटरच्या आतील बांधकामासाठी यातून सूट दिली. सांडपाणी, कचरा, पर्जन्यजल संधारण यांची काळजी घ्या, एवढी अट घातली. पण मूल्यांकनच नाही तर अट पाळली की नाही हे तपासणार कोण? मार्च २०२४मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. २९ जानेवारी २०२५च्या अधिसूचनेने ती पुन्हा आली. तिच्याविरुद्ध आपल्या मुंबईतलीच वनशक्ती ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि ५ ऑगस्ट २०२५ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई व न्या. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने सूट रद्द केली. शिक्षण हाही आता भरभराटीचा उद्योग झाला आहे, मग त्यालाच सवलत का, असा न्यायालयाचा रोख होता. तो दिवस मला सणासारखा वाटला.

पण सूट गेली म्हणून काम झाले असे नाही, आणि इथून पुढचे बरेचसे राज्याच्या हातात आहे. अर्ज येतात ते राज्याच्या आघात मूल्यांकन प्राधिकरणाकडे. तिथे एक इमारत, एक फाइल असे चालू देऊ नका, ही पहिली विनंती. आज १८,००० चौरस मीटरचे वसतिगृह, दोन वर्षांनी १५,०००चे संशोधन केंद्र, मग सभागृह, असे तुकडे पाडले की प्रत्येक तुकडा मर्यादेच्या आत बसतो. जमीन मात्र एकच असते. संकुलाचा पूर्ण आराखडा एकदम मागवा आणि त्यावर मूल्यांकन करा.

दुसरी विनंती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मोठ्या प्रकल्पांच्या अहवालासाठी एका हंगामाची आधारभूत, म्हणजे बांधकामाआधीच्या स्थितीची, माहिती गोळा करतात, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. हवेतली धूळ मोजायची तर ते बरोबर आहे, पावसात धूळ बसते. पण मुंबईतल्या जमिनीचे पाणी फेब्रुवारीत मोजून काय कळणार? तेव्हा असे मैदान कोरडे ठणठणीत असते, मुले क्रिकेट खेळत असतात. संकुलाच्या प्रस्तावाआधी एक पूर्ण पावसाळा पाणी कुठे साचते, किती दिवसांत मुरते, कुठून बाहेर पडते हे मोजणे सक्तीचे करा. भरणीची उंची शेजारच्या अंगणाच्या पातळीशी ताडून बघा. उशीर होईल म्हणतील. एका पावसाळ्याचा उशीर होईल, बस.

तिसरे, आम्हाला विचारा. इमारत बांधकाम प्रकल्पांना २००६च्या अधिसूचनेतच जनसुनावणीतून वगळले आहे. सुनावणी नाही म्हणून तिच्यासाठी लागणारा मराठी सारांशही नाही. पर्यावरण मंजुऱ्यांच्या ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर कागद असतात, पण इंग्रजीत, शेकडो पानांचे. आमच्या मागचा पिंपळ तोडायचा होता तेव्हा उद्यान विभागाची मराठी नोटीस खोडावर खिळ्याने ठोकलेली होती. आम्ही चौघी-पाच जणींनी हरकत घेतली आणि पिंपळ वाचला. एका झाडासाठी जे होते ते आठ एकर जमिनीसाठी का होऊ नये? संकुलाच्या फाटकावर दोन पानांचा मराठी सारांश लावा, महिनाभर हरकती घ्या. त्याला दिल्लीची परवानगी लागत नसावी, आपल्या विभागाच्या एका परिपत्रकाने होईल असे मला वाटते.

कोणी सल्लागार किंवा समितीचे सदस्य पाहणीला येणार असतील तर आमच्या जिन्याखालच्या भिंतीपासून सुरुवात करा. मेजरिंग टेप मी देते. दिवाळीआधी इमारतीला रंग लावायचे ठरले आहे. ती एक भिंत सोडायची, असे रंगाऱ्याला मी सांगून ठेवले आहे.

आपली,
कुर्ल्याची एक रहिवासी