मा. अर्थमंत्र्यांना खुले पत्र : अठरा हजारांच्या पगारावर व्यवसाय कर कशासाठी?

मा. अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

मी एका लहान कारखान्यात पगारपत्रकं तयार करतो. दर फेब्रुवारीत कुणीतरी टेबलापाशी येऊन विचारतंच, "साहेब, या महिन्यात शंभर जास्त का कापले?" अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असा वर्षाचा २,५०० रुपये व्यवसाय कर होतो, हे मी समजावून सांगतो. त्याला ते पटत नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

पुरुष कामगाराचा पगार दहा हजारांच्या वर गेला की हा कर पूर्ण लागतो. बारा हजारांवर राबणारा हेल्पर आणि महिना पाच लाख घेणारा संचालक, दोघांचे २,५००च. २०२३ च्या अर्थसंकल्पात महिलांसाठी करमाफीची मर्यादा २५,००० वर नेलीत, ते चांगलंच झालं. पुरुषांची मात्र ७,५०० वरच अडकली आहे.

आता एक घर घ्या. नवऱ्याचा पगार अठरा हजार, म्हणजे वर्षाचे २ लाख १६ हजार. लाडकी बहीण योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख, म्हणून बायकोच्या खात्यावर दीड हजार येतात. ज्या कुटुंबाला मदतीची गरज आहे असं सरकार स्वतःच मानतं, त्याच कुटुंबाच्या पगारातून सरकार दोनशे कापतं. हा हिशेब मंत्रालयात कुणी मांडून पाहिला आहे का?

हा कर १९७५ साली रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला आला, त्या हेतूला कुणाची ना नाही. कमी पगारवाल्यांना हा कर माफ केला तर तूट कशी भरायची, असं आपले अधिकारी विचारतील. घटनेच्या कलम २७६ मधली २,५०० ची कमाल मर्यादा १९८८ पासून हललेली नाही, त्यामुळे वरच्यांकडून जास्त घेता येत नाही. ती वाढवण्यासाठी केंद्राकडे जरूर पाठपुरावा करा. पण खालच्यांना सोडायला दिल्लीला विचारावं लागत नाही.

दुसरी गोष्ट वीजबिलाची. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशी बेरीज झाली की त्यावर १६ टक्के वीज शुल्क बसतं. युनिटचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात, शुल्काची टक्केवारी मात्र साठ युनिटवाल्याला आणि सहाशे युनिटवाल्याला एकच. शिवाय वीज नियामक आयोगाने दर वाढवले की शुल्काची रक्कमही आपोआप फुगते. सभागृहात त्यावर चकार शब्द निघत नाही आणि बातमीही होत नाही.

तेव्हा येत्या अर्थसंकल्पात पुरुषांसाठीही व्यवसाय कराची मर्यादा २५,००० करा आणि महिना शंभर युनिटांच्या आतल्या घरांचं वीज शुल्क कमी करा. जमणार नसेल, तर या दोन्हींमुळे किती महसूल बुडतो, तो आकडा तरी सभागृहापुढे ठेवा.

आपला,
एक पगारदार करदाता