मुक्ता, स्मोकर घेण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले स्मोकरचे, म्हणजे मांस धुरावर शिजवायच्या विजेच्या कपाटांचे, दोन्ही फोटो पाहिले. काचेच्या दाराचा, मोबाइलवरून चालणारा स्मोकर तुझ्या मनात भरलाय, हे विचारायचीही गरज नव्हती. तुझे बाबा म्हणाले, "तिला हवा तो घेऊ दे." घे की, पैसे तुझे आहेत. पण मी तुझ्या जागी असते तर तो दुसरा, साधा काळा घेतला असता. का, ते लिहूनच कळवते. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस.

आधी तो ठेवणार कुठे, ते सांग. "विजेचा आहे, घरात चालेल" असं तू म्हणालीस, ते साफ चूक. उष्णता विजेची असली तरी धूर लाकडाचाच असतो, आणि लाकूड धुमसलं की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना रंग ना वास. खिडकी उघडी ठेवून, एक्झॉस्ट लावून किंवा काचा बसवलेल्या गॅलरीत हे जमणार नाही. मोकळी गच्ची किंवा अंगण हवं, तेही भिंतीपासून अंतर सोडून आणि यंत्र भिजणार नाही असं. अशी जागा नसेल तर पुढचं वाचूच नकोस. जागा असेल तर प्लग थेट अर्थिंगच्या सॉकेटमध्ये लाव. 800 ते 1500 वॅटचं यंत्र तासन्‌तास चालणार, त्याला घरातली बारीक वायरची एक्स्टेन्शन तापते.

आता मुख्य गोष्ट. या कपाटात फार काही नसतंच. खाली विजेने तापणारा एलिमेंट, त्याच्याजवळ लाकडाच्या चिप्सचा ट्रे, वर पाण्याचं भांडं, मग जाळ्या आणि वरच्या बाजूला धूर जायची झडप. चिप्स धुमसतात त्या एलिमेंटच्या आचेवर. म्हणजे एलिमेंट चालू असेल तेव्हाच धूर. थर्मोस्टॅटने तो बंद केला की धूरही मंदावतो. म्हणून गंमत अशी होते की कपाट जितकं उष्णता धरून ठेवणारं आणि तापमान जितकं कमी लावलेलं, तितका एलिमेंट कमी वेळ चालतो आणि धूर रोडावतो. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही. तरीही दुहेरी भिंतीचं, दाराला चांगली सील असलेलंच घे. थंडीत आणि वाऱ्यात पत्र्याच्या एकेरी कपाटाचं तापमान टिकत नाही. धूर कमी पडला तर त्यावर उपाय आहे. छिद्रं पाडलेली लोखंडी नळी मिळते, तिच्यात लाकडाचे पेलेट, म्हणजे दाबलेल्या भुशाचे बारीक तुकडे, भरून एका टोकाला पेटवायचे आणि ज्योत विझवून आत ठेवायची. एलिमेंट चालू असो वा बंद, ती आपली धुमसत राहते.

दुसरं, चिप्स बाहेरून घालता येतात का ते बघ. साध्या काळ्या स्मोकरला बाजूने सरकवायची नळी दिसतेय, तुझ्या काचवाल्याला दार उघडावं लागेल. चिप्स मुठीमुठीने पुन्हा पुन्हा घालाव्या लागतात, आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की साठलेली उष्णता बाहेर. एवढ्या एका कारणासाठी मी काचवाला बाद केला असता. ब्रॅडली कंपनीच्या स्मोकरमध्ये दाबलेल्या भुशाच्या चकत्या दर 20 मिनिटांनी आपोआप पुढे सरकतात. सोय छान आहे, पण मग त्याच चकत्या घेत बसायच्या. मला ते बंधन नको वाटतं. चिप्स भिजवून घालायचा सल्ला तुला खूप जण देतील. भिजवल्याने आधी वाफ निघते, धूर उशिरा येतो, बाकी काही नाही. लाकूड मात्र कठीण हवं: सफरचंद, चेरी, ओक, हिकरी. पाइनसारखं राळेचं किंवा रंग दिलेलं लाकूड कधीच नाही.

काचेतून काही दिसेल ही आशा सोड. थोड्याच दिवसांत ती धुराच्या चिकट थराने काळी होते. मोबाइलपेक्षा तापमान किती स्थिर राहतं ते विचार. साधा थर्मोस्टॅट कधी जास्त तापवतो, कधी थंड होऊ देतो. पीआयडी नियंत्रक, म्हणजे तापमान सतत मोजून आच थोडीथोडी कमी-जास्त करणारा, असेल तर हेलकावे कमी. दारावरच्या काट्यावर भरवसा ठेवू नकोस. दोन प्रोबचा (तापमान मोजणाऱ्या सुयांचा) वेगळा थर्मामीटर घे, एक जाळीजवळ आणि एक मांसाच्या मध्यभागी. बरेच विजेचे स्मोकर 135 अंश सेल्सिअसच्या वर जात नाहीत, आणि काम चालतं 110 ते 120 च्या आसपास. कोंबडी आतून 74 अंशांना पोचलीच पाहिजे, तिथे चव बघून अंदाज नाही. मोठा चिवट तुकडा मऊ व्हायला आतून 90 ते 95 लागतात, आणि वाटेत 65-70 च्या पुढे काटा तासन्‌तास हलत नाही. घाबरू नकोस, यंत्र बिघडलेलं नसतं. पृष्ठभागावरचं पाणी उडताना तुकडा थंड करत असतं. त्या वेळी दार उघडून बघायचं नाही. तुला हे जड जाणार, मी ओळखते तुला.

एक अपेक्षा आत्ताच कमी कर. कोळशावरच्या मांसात दिसते तशी कडेची गुलाबी रेघ इथे जेमतेम येते, कारण ती कोळसा-लाकूड जळतानाच्या वायूने येते. चवीशी तिचा संबंध नाही. कोंबडीची कातडी मात्र खरंच रबरासारखी राहते. शेवटी कडक ओव्हनमध्ये काही मिनिटं ठेवलीस की झालं. आणि कमी तापमानाचं थंड धुरावणं आत्ता नको, त्याला आधी मिठाने मुरवणं आणि बरीच शिस्त लागते.

आकार बघताना जाळ्यांची संख्या मोजू नकोस. त्या काढता येतात का आणि मधे अख्खी कोंबडी उभी राहते का, ते बघ. घरी आणल्यावर पहिल्यांदा रिकामा दोन-तीन तास तापव, शेवटी थोड्या चिप्स घालून. कारखान्यातलं तेल आणि वास जळून जातो.

आणि ऑर्डर द्यायच्या आधी दुकानदाराला विचार, एलिमेंट गेला तर सुटा मिळतो का आणि मागची पट्टी काढून बदलता येतो का. काळ्याचा मिळत नसेल तर माझं मत बदलेल, तसं कळव.

तुझी,
आई