सभेतला आलेख सरकता करा

महोदय,

गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्यामुळे ठाणे, ऐरोली, घणसोलीकडच्या सोसायट्यांत अहवालांची घाई असते. पाण्याच्या रोजच्या वापराचे 365 आकडे एकाच आलेखात कोंबले की नुसते गवत दिसते. टँकर कोणत्या आठवड्यात वाढले, हे सभासदाला कळत नाही. एक्सेलमध्ये स्क्रोल बार लावून तोच आलेख 30-30 दिवसांनी सरकवता येतो. मॅक्रोची, म्हणजे एक्सेलमधल्या छोट्या प्रोग्रामची, गरज नाही.

ए स्तंभात तारखा आणि बी मध्ये लिटर, ओळ 2 ते 366. जी2 पासून खाली 0 ते 29 आकडे भरा. एच2 मध्ये =इंडेक्स(ए$2:ए$366,$ई$1+$जी2) हे सूत्र (टाइप मात्र रोमन अक्षरांत करायचे) लिहून आय2 मध्ये आणि खाली 31व्या ओळीपर्यंत ओढा. आलेख या छोट्या तक्त्यावरच काढायचा. एच मध्ये 45748 असे काही दिसले तर घाबरू नये, ती 1 एप्रिल 2025 आहे; सेलला तारखेचे स्वरूप द्या.

स्क्रोल बार डेव्हलपर टॅबमध्ये मिळतो. हा टॅब दिसत नसेल तर ऑप्शन्समधल्या कस्टमाइझ रिबनमध्ये खूण करा. याच टॅबवरच्या इन्सर्टमधला वरच्या गटातला, म्हणजे फॉर्म कंट्रोलचा स्क्रोल बार घ्या. खालचा अ‍ॅक्टिव्हएक्सचा मॅकवर चालत नाही. उजवी क्लिक, फॉरमॅट कंट्रोल: किमान 1, कमाल 336, पेज चेंज 30, सेल लिंक ई1. पट्टी सरकवली की तिचा आकडा ई1 मध्ये येतो आणि सूत्र तोच वापरते. कमाल 365 ठेवले तर शेवटी #रेफ! ही चुकीची खूण येते, कारण 336 अधिक 29 म्हणजेच 365. किमान 0 ही चूक तर सर्रास होते. इंडेक्सला शून्य दिले की तो एक सेल न देता अख्खा स्तंभ देतो.

सगळ्यात फसवी गोष्ट उभ्या अक्षाची. तो ऑटोवर असला की पट्टी सरकवताना मोजपट्टीच बदलते आणि 20 हजार व 40 हजार लिटरचे दिवस सारख्याच उंचीचे दिसतात. अक्षाचे किमान-कमाल आकडे स्वतः टाका. मीटर न वाचलेल्या दिवसाची रिकामी सेल सूत्रातून शून्य होऊन येते आणि रेषा तळाला आपटते. सभेत वाद पेटायला तेवढे पुरते. बी मधल्या अशा सेलमध्ये =एनए(), म्हणजे ‘आकडा उपलब्ध नाही’, असे लिहावे.

पीडीएफ काढली की पट्टीचे निव्वळ चित्र उरते. म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटासाठी आणि छापील अहवालासाठी महिनावार बारा आलेख वेगळे काढावेत.

– एक हिशेबतपासनीस, ऐरोली