गुलाबाईचा हात जोडून देणाऱ्या मावशींचे आभार

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत खानदेशात गल्लोगल्ली गुलाबाईची, म्हणजे पार्वतीची, गाणी रंगतात. यंदा कोजागिरीला चार दिवस राहिले असताना आमच्या गल्लीतल्या गुलाबाईचा उजवा हात खांद्यापासून तडकला. मूर्ती कच्च्या मातीची. परतीच्या पावसात ओल धरली म्हणून एका चिमुरडीने ती भर उन्हात ठेवली. वरचा थर झपाट्याने सुकून आकसला, आतली माती ओलीच राहिली, आणि जोड उघडला. ताजी माती थापली, तीही तासाभरात सुटली.

वाटेने जाणाऱ्या एक कुंभारीण मावशी ते बघून ओट्यावर टेकल्या. आधी मूठभर कापूस मागितला. सरकी काढून तंतू मोकळे केले, त्याच मातीच्या दाट चिखलात कालवले. फट खिळ्याने जराशी रुंद करून ओल्या फडक्याने अर्धा तास भिजवली. कोरड्या मातीवर ओली धरत नाही, कारण ओली एकटीच आकसते, हे त्यांनी पोरींना नीट समजावलं. मग काडीचा टेकू दिला, वर ओलं गोणपाट. “आते ऊनमा नको ठेवू, माय.” दोन दिवस सावलीतच.

शेवटचा गोळा मात्र त्यांनी स्वतः दाबला नाही. रडून डोळे सुजलेल्या त्याच चिमुरडीचा अंगठा धरून दाबून घेतला. त्या अंगठ्याचा ठसा खांद्यावर तसाच ठेवलाय, रंगही दिला नाही.

पैसे घेतले नाहीत, भाकर-ठेचा खाल्ला आणि निघाल्या. नाव विचारायचं राहिलं. मावशी, मनापासून आभार. कोजागिरीला टिपऱ्या झाल्या, खिरापत वाटली, आणि हात शाबूत होता.