'मनावर ताबा ठेव' एवढं सांगून भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात मुलांच्या मोबाईलवेडावर एक पत्र आलं होतं, त्यात शेवटी लिहिलं होतं की हल्लीच्या पोरांना संयमच नाही, आईबापांनी धाक ठेवला की सगळं जागेवर येतं. ते वाचून मला फार लागलं म्हणून लिहितेय. धाक आम्ही पण ठेवला होता हो. मुलगा अकरावीत असताना रात्री तीन-तीन वाजेपर्यंत गेम खेळायचा, बाबांनी दोनदा मोबाईल काढून घेतला, देवासमोर शपथ घ्यायला लावली, त्यानं ती घेतली, रडत रडत घेतली. चार दिवस पाळली. पाचव्या रात्री परत पांघरुणाखाली उजेड.

तेव्हा वाटलं पोरगं खोटारडं झालंय. आता कळतं की शपथ घेताना तो खरंच बोलत होता.

शेवटी मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागदावर मेंदूचं चित्र काढून समजावलं, की कपाळाच्या मागे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स असतं, ते ब्रेकचं काम करतं, आणि आत खोलवर स्ट्रायटम, तिथं डोपामिन नावाच्या मेंदूतल्या रसायनामुळे 'अजून एकदा, अजून एकदा' अशी ओढ तयार होते. पंधरा-सोळाव्या वर्षी ओढ जोरात असते आणि ब्रेक तयार व्हायला पंचविशी उजाडते. त्यात गेममध्ये बक्षीस कधी मिळेल याचा नेम नाही, आणि नेम नसलेल्या बक्षिसालाच मेंदू जास्त चिकटतो, वर रोजचं जागरण, त्यानं ब्रेक आणखी ढिला.

माझ्या मुलानं तिथं एक वाक्य बोललं ते मी विसरत नाही. म्हणाला, "आता मजा पण येत नाही, पण हात जातोच." डॉक्टर म्हणाले बरोबर आहे, आवडणं वेगळं आणि ओढ लागणं वेगळं, व्यसनात आवड कमी होत जाते तरी ओढ वाढतच राहते. संशोधनात कॉम्प्युटरवर एक साधी चाचणी घेतात, बाण दिसला की बटण दाबायचं पण मध्येच खूण आली तर हात आवरायचा. गेमच्या पूर्ण आहारी गेलेल्यांना हे आवरणं सरासरी जास्त जड जातं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणजे जी गोष्ट त्याच्याकडे कमी पडतेय नेमकी तीच आपण रोज त्याच्याकडे मागत बसतो!

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये गेमिंग डिसऑर्डर म्हणजे गेमचं व्यसन आजारांच्या यादीत घेतलं, १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू आहे, आणि त्यात पहिलंच लक्षण लिहिलंय ताबा सुटणं. जास्त खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी नसतो हे पण खरं, साधारण वर्षभर शाळा, झोप, घर सगळं विस्कटलेलं असेल तरच त्याला आजार म्हणतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत तर २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक आहे.

आमच्याकडे फरक पडला तो ब्रेक बाहेरून लावल्यावर. साडेनऊला घरातले सगळे मोबाईल, माझा आणि त्याच्या बाबांचा पण, स्वयंपाकघरात चार्जिंगला, वायफाय बंद, आणि संध्याकाळी त्याला ग्राउंडवर पाठवायचं. दिवाळीच्या सुट्टीत परत घसरला, परत सुरू केलं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं हेच गावपातळीवर केलंय, १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. मला ते फार पटतं कारण तिथं एकट्या पोराला मनाशी झगडावं लागत नाही, शेजारचा पण बंद, आजोबांचा पण बंद.

शाळा आणि क्लासवाल्यांना हात जोडून विनंती आहे, रात्री नऊ-दहाला व्हॉट्सॲपवर होमवर्क टाकू नका, त्या एका मेसेजसाठी मोबाईल परत हातात द्यावा लागतो आणि आमची सगळी मेहनत पाण्यात जाते. आणि आपल्या पेपरला विनंती की सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर मुलांच्या पानावर रोज छापा. मला तो खूप उशिरा कळला.

आपली,
एक आई, सातारा