येय, तुझ्या दुसऱ्या पातेल्यासाठी

तीर्थस्वरूप येय हिस,
शिरसाष्टांग नमस्कार.

वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना आमच्याकडे अशीच सुरुवात करतात. पुढे खरं तर ‘तुम्ही’ यायला हवं. पण आजीला आम्ही ‘अगं’ म्हणतो आणि तुमच्या ख्मेर भाषेत येय म्हणजे आजीच, तेव्हा पत्रभर तू. तुला मराठी येत नाही, तुझ्या नातीलाही नाही. ती फोनवरून काहीतरी उलटंसुलटं भाषांतर वाचून दाखवेल आणि तुम्ही दोघी हसाल. हसा खुशाल. पण हे पत्र मी चारचौघांत लिहितेय, कारण कंबोडियातल्या सिएम रीपच्या त्या गल्लीत तू माझ्यासाठी काय केलंस ते मी माझ्या माणसांना आजवर धड सांगितलेलंच नाही. विचारलं की ‘शेजारीण फार चांगली होती’ एवढ्यावर उरकते.

काल आमची सर्वपित्री अमावास्या झाली. परवा वाईच्या मंडईत तांबड्या भोपळ्याची फोड घेतली. पितरांच्या पानात भोपळ्याची भाजी लागतेच, शिवाय गवार, कारलं, आमसुलाची चटणी, वडे, खीर. फोड विळीवर धरली, तो ओलसर, किंचित काकडीसारखा वास आला आणि मी थेट तुझ्या ओट्यावर. ओटा कसला, खांबांवर उभ्या घराखालची ती मोकळी जागा, दोन शेगड्या, एक हॅमॉक आणि कोंबड्या.

भोपळा आमच्याकडे तसा कुणाच्या लाडाचा नाही. परीक्षेत शून्य मिळालं की ‘भोपळा मिळाला’ म्हणतात, गैरसमज फिटला की ‘भ्रमाचा भोपळा फुटला’. वाईट काही झालं की भोपळ्याच्या नावावर! ताटात आला की पोरं नाक मुरडतात, मीही मुरडायचे. लग्नानंतर नवऱ्याच्या हॉटेलातल्या नोकरीपायी २०१८ मध्ये तुमच्या गावी आले, तेव्हा मला वाटलं होतं की निदान ही भाजी तरी मागे राहिली.

तुला आठवतंय का, मी पहिलं वर्ष काय खाल्लं? भात, अंडं, केळी आणि नवऱ्याने हॉटेलातून आणलेला पाव. माझी सासू माळकरी, घरात मांस-मच्छी नाही. मी कॉलेजात असताना अंड्यापर्यंत पोचले आणि तिथेच थांबले. फ्सार लउ बाजारात शिरलं की मासळीच्या वासाने डोकं गरगरायचं. मी ‘न्याम बुओस’, शाकाहारी खाते, असं पाठ करून आले होते. पण बुओस म्हणजे भिक्खूची दीक्षा घेणंही, हे मला कुठे ठाऊक! भाजीवाल्या बाया माझ्याकडे आदराने बघायच्या आणि विचारायच्या, किती दिवसांचं व्रत आहे?

मग २०१९ चा पावसाळा. तुमच्या देशात त्या वर्षी डेंग्यूची मोठी साथ होती आणि तिने मलाही गाठलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा जिना चढायचं त्राण नव्हतं, आणि नवऱ्याची रात्रपाळी. तू न विचारता वर आलीस, कपाळावर हात ठेवलास आणि गेलीस. तासाभराने डबा. बोबोर. आमची पेजच ती, मऊ मऊ शिजवलेला पातळ तांदूळ, पण त्यात भोपळा विरघळून गेलेला, पिवळाधम्मक, मिठाचे चार कण, बाकी काही नाही. आठ दिवसांत पहिल्यांदा काहीतरी पोटात टिकलं. तू पलंगाच्या कडेला बसून प्रत्येक घास मोजत होतीस. मी ‘ऑकुन’, म्हणजे आभार, म्हटलं, तर हातानेच उडवून लावलंस आणि बोट दाखवून शिकवलंस: ल्पौ. भोपळा. तुझ्याकडून शिकलेला पहिला शब्द तोच. त्याआधीचे सगळे फोनने शिकवलेले.

बरी झाल्यावर तू मला खाली बोलावलंस. खलबत्ता पुढ्यात ठेवलास आणि क्रुअंग, तुमचं ओलं वाटण, कुटायला बसवलंस. गवती चहा आम्हीही लावतो, पण आम्ही पाती चहात उकळतो आणि बुंधा टाकतो. तुम्ही नेमकं उलटं! बुंधा कातरून घ्यायचा, पाती कोंबड्यांपुढे. मग कुलिंजन, ओली हळद, लसूण, छोटे कांदे आणि त्या सुरकुत्या पडलेल्या लिंबाची साल, अगदी नखाएवढी. मी मिक्सरचं सुचवलं तेव्हा तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं माझी आजी पाट्यावर न वाटलेल्या पुरणाकडे पाहायची. धागा तुटेपर्यंत कुटायचं. मी कंटाळून थांबले की तू चिमूट उचलून अंगठ्याने चोळायचीस, एखादं कूस लागलं की परत खलात.

आणि मग सम्लॉ कोरको. सम्लॉ म्हणजे रस्सा, कोरको म्हणजे ढवळणं. आधी कढईत क्रुअंग परतायचा, त्यात भोपळा, कच्ची पपई, कच्चं केळं, वांगी, चवळीच्या शेंगा, सगळं नुसतंच ढवळत राहायचं. फोडींच्या कडा जरा झिजल्या की मग पाणी. भाजून भरडलेले तांदूळ तू मुठीने सोडायचीस, त्याने रस्सा दाटसर होतो. तुमच्यात कच्च्या तांदळाला वेगळा शब्द, शिजलेल्याला वेगळा, आमच्या तांदूळ-भातासारखा. शेवटी शेवग्याचा पाला, गॅस बंद करताना. त्या रश्श्यात भोपळा काय करतो ते मला तिथे कळलं. थोडा विरघळून रश्श्याला अंग देतो, थोडा फोड म्हणून राहतो, आणि पपई-वांग्याच्या कडसरपणावर गोडाचा हात फिरवतो. आमच्या भाजीत बिचारा एकटाच असतो, मेथ्यांची फोडणी आणि गुळाचा खडा सोबतीला. त्याला संगत मिळाली की तो असा वागतो!

मी दरवेळी विचारायचे, ‘मीन साच ते?’ मांस आहे का? तू दरवेळी मान हलवायचीस, नाही. मी दोन वाडगे खायचे.

सव्वा महिन्याने, नेमकी जवळ उभी असताना, तू फळीखालची बरणी ओढलीस आणि तिच्यातून करड्या रंगाचा गोळा चमच्याने काढून पातेल्यात ढवळलास. वास मला ओळखू आला. प्रहोक. तोनले साप तळ्याचं पाणी ओसरू लागलं की मासे निघतात. डोकी काढून, तुडवून, ऊन दाखवून मिठात घालायचे आणि महिनोन्‌महिने मुरवायचे. त्यातल्या एका चिमुकल्या माशाचं नाव रिएल, तुमच्या नोटेचंही तेच. एवढी ती वस्तू तुमच्या हाडीमांसी भिनलेली. तू खोटं बोलली नव्हतीस. साच म्हणजे मांस, ते नव्हतंच. प्रहोक तुझ्या लेखी मासासुद्धा नाही, तो मिठासारखाच, त्याच्याशिवाय सम्लॉ होतच नाही. मी विचारायला चुकले होते.

पण तेव्हा मी इतकं शहाणपणाने वागले नाही, येय. चमचा ठेवला आणि वर निघून आले. दोन दिवस दार लावून बसले. सासूबाईंना फोन करून रडले. त्या म्हणाल्या, ‘नकळत झालं, त्याचं काय. पण तिला सांगितलंस का नीट?’ नव्हतं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तुझ्या नातीला मधे बसवून सांगितलं. तिने भाषांतर करून सांगितलं तेव्हा तू काहीच बोलली नाहीस. उठलीस, छोटं पातेलं काढलंस, घासलेलं होतं तरी पुन्हा राखेने घासलंस. प्रहोकच्या जागी सिएंग, ते आंबवलेलं सोयाबीन, आणि वर मीठ. चव बघितलीस. तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही, नैवेद्याच्या पुरणपोळीत कुणी गूळच घातला नसावा तसा. सत्तर वर्षांत तू प्रहोकशिवायचं कोरको पहिल्यांदा चाखलं होतंस. मग वाडगा माझ्यापुढे सरकवलास आणि नातीला काही तरी म्हणालीस. ती हसत म्हणाली, ‘आजी म्हणते, हे कोरको नाही, पण तू खा.’

इथे कबूल करते, कारण सासूबाई हे वाचणार नाहीत अशी आशा आहे: आधीचं जास्त चांगलं होतं.

त्यानंतर तुझ्या शेगडीवर कायम दोन पातेली. घरच्यांचं मोठं, माझं छोटं. छोट्याचा डाव वेगळा, चुकून मोठ्यात बुडाला तर तू पाण्याखाली धरून पुन्हा पुन्हा धुवायचीस. मला ते सोवळं वाटायचं आणि हसू यायचं. मग एकदा नातीने सांगितलं. १९७५ ते १९७९ या काळात, ख्मेर रूजच्या राजवटीत, तुमच्या घरांतली पातेलीच काढून नेली होती. घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी सामुदायिक भोजनगृहात जेवायचं, आणि जेवण म्हणजे बोबोर, पाण्यात मोजून सापडतील इतकी शितं. कुणी शेतातला भोपळा उचलला तर शिक्षा. तू त्याबद्दल माझ्याशी कधीच बोलली नाहीस आणि मीही विचारलं नाही. पण आजारपणातला तो पिवळा बोबोर, प्रत्येक घास मोजणारी तुझी नजर, हे मला त्या दिवसानंतर वेगळं दिसू लागलं.

सप्टेंबरात प्चुम बेन आलं. तू महिन्याचं नाव सांगितलंस, फात्रबोत, आणि मी उडालेच. भाद्रपद! त्याचाच वद्य पक्ष, आमचा पितृपक्ष तोच. बेन म्हणजे पिंड. पहाटे चारला तुझ्याबरोबर वाटमध्ये, तुमच्या बौद्ध मंदिरात, आले, तू चिकट भाताचे गोळे अंधारात विहाराभोवती टाकत होतीस, भुकेल्या प्रेतांसाठी, आणि ‘प्रेत’ हा शब्द मला भाषांतराशिवाय कळला. आमच्याकडे हे काम कावळ्याकडे असतं, एवढं मी हातवारे करून सांगितलं. तू कावळ्यासारखी मान वाकडी करून दाखवलीस. त्या दिवशी भिक्खूंसाठी नेलेल्या डब्यांत एक माझा होता: आमची भोपळ्याची भाजी, मेथ्या-गुळाची. तू चाखून म्हणालीस, गोड आहे, मग नारळाचं दूध का नाही? खरंच, का नाही?

नारळाच्या दुधावरून सांख्या, भोपळ्याच्या पोटात वाफवलेलं ते कस्टर्ड. हा माझा पराभव. तू केलास तेव्हा किती सोपा वाटला. छोटा गोल भोपळा, देठाभोवती सुरी फिरवून टोपी काढायची, बिया आणि धागे खरवडून आत कोरडं पुसून घ्यायचं. बदकाची अंडी, जाड नारळाचं दूध, ताडगूळ, मीठ, सगळं फेस न येऊ देता कालवून गाळायचं आणि बोटभर जागा सोडून भरायचं. मग वाफ. टोपी शेजारी वेगळी. ताडगुळासाठी तू मला बान्तेय स्रेइ मंदिराच्या रस्त्यावर प्रेआह दाक गावाला नेलं होतंस, जिथे बायका रस्त्याकडेला मोठ्या कढयांत रस आटवतात. ताड आमच्याकडेही आहेत, आम्ही ताडगोळे खाऊन मोकळे होतो. आणि तू बजावलं होतंस: पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचा नाही.

वाईला आल्यावर मी तीनदा केला. आधी भोपळाच मिळेना, आमच्याकडे मंडईत दहा-दहा किलोचे धूड असतात आणि फोडी करून विकतात. छोटा अख्खा मागितला की भाजीवाला म्हणतो, ‘ताई, तो अजून बाळ आहे.’ पहिला फुटला. दुसरा मी गरम कापला, पिवळा ओघळ ओट्यावरून फरशीवर. तिसरा जमला. नारिंगी सालीच्या आत तपकिरी थरथरता घट्ट दही असावं तसा काप, आणि कडेचा गर सुरीला लोण्यासारखा. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि काही न बोलता दुसरा घेतला. फोटो नातीला पाठवला होता. तुझं उत्तर आलं, ‘अंडी कमी.’

हो, आणि बायोन. मंदिराच्या भिंतीवर आठशे वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर कोरलंय, भात शिजतोय, डुक्कर कढईत सोडतायत. मी तिथे अर्धा तास भोपळा शोधला आणि नाही सापडला म्हणून हिरमुसले. कसा सापडणार! तो अमेरिका खंडातला, त्यानंतर शेकडो वर्षांनी जहाजांतून आला, तुमच्याकडेही आणि आमच्याकडेही. म्हणजे आपल्या दोघींच्याही पितरांच्या पानात तो उपराच.

२०२० मध्ये पर्यटक थांबले, हॉटेल बंद पडलं, आम्ही पंधरा दिवसांत आवरून निघालो. गडबडीत तुझ्या पाया पडायचं राहिलं नाही, पण आभार राहिले. खलबत्ता तू वर्तमानपत्रात गुंडाळून दिलास. दगडी, पाच किलोचा, विमानाच्या वजनात! नवरा कुरकुरला, मी त्याचे बूट काढून ठेवले. आज त्यातच क्रुअंग कुटते. कुलिंजन काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, वाळलेलं. चालवून घेते. भोपळ्याच्या वेलाचे शेंडेही खायला शिकवलेस, देठाची लवदार साल टोकापासून खाली दोऱ्यासारखी ओढून काढायची. परसातल्या वेलाचे शेंडे खुडताना सासूबाई विचारतात, फळं धरू देशील की नाही.

परवा नातीशी बोलले. ती म्हणाली, शीलाच्या, म्हणजे बौद्ध व्रताच्या, दिवशी कोरको केलंस की तू अजूनही ते छोटं पातेलं वेगळं चढवतेस, प्रहोकशिवायचं. घरात कुणी ते खात नाही म्हणे.

मग येय, ते संपवतं कोण?

तुझी,
वरच्या मजल्यावरची